मानाची चढाई

६ जानेवारी

गणपतीनंतर एक ओळ लिहिली नाही. वही, चुकलं. कारणं आहेत, पण लिहायला घेतली तर प्रत्येक कारण खरं की सोयीचं हे तपासत बसेन आणि आजचंही राहून जाईल.

आज मोरे सरांना सांगून टाकलं. लांज्याची कबड्डी स्पर्धा खेळणार आणि थांबणार. सर आमचे कोच, पण कंपनीत स्टोअरला. ड्रमवरची लेबलं बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मागल्या वर्षीपण हेच बोललास."

"मागल्या वर्षी विचारत होतो सर. या वर्षी सांगतोय."

तेव्हा मान वर केली. म्हणाले, "मग लांज्याला मानाची चढाई घ्यायची." मी काहीच बोललो नाही. त्यांनी ते 'हो' धरलं असणार.

मेमध्ये त्रेचाळीस. या वयात कोपऱ्यावर उभा राहतो याचं लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. चढाई करणाऱ्याचे पाय तिशीत जातात. कोपरा डोळ्यांनी खेळायचा असतो आणि डोळे शाबूत आहेत. हे गर्वाने लिहितोय का? नाही, मोजूनमापून लिहितोय. मागच्या तीन सामन्यांत एकही चढाईपटू माझ्या बाजूने बोनस घेऊन सुखरूप परत गेलेला नाही.

मीनलला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "म्हणजे आता तुम्ही पण रात्रपाळीला जाणार?" हो. खेळाडूंना जनरल शिफ्ट आणि तीनला प्रॅक्टिससाठी सुट्टी. थांबलो की लॅबमधल्या बाकीच्यांसारखी फिरती पाळी. तिने पोळी उलटली. "बरं झालं. संध्याकाळी सोफ्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसलेला माणूस बघायचा कंटाळा आला होता."


९ जानेवारी

प्रॅ. चांगली झाली. अंग हलकं. इम्तियाजने विचारलं, "भाई, खरंच?" म्हटलं, खरंच. "मग माझा हात कोण धरणार?" म्हटलं, तुझी बायको. "ती कान धरते."

अकरा मोसम आम्ही शेजारी उभे आहोत. मी टोकाला, डावा कोपरा. तो माझ्या उजव्या हाताला, हातात हात. आमची रीत सगळ्या जिल्ह्याला माहीत: समोरच्याचा पाय कुठे पडणार ते मी बघायचं, इ.चा हात दाबायचा. दाबला की त्याने हात सोडून मागचा रस्ता अडवायचा आणि मी पायात शिरायचं. तोंडाने एक शब्द नाही. बोललं तर समोरच्याला कळतं.

इ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याचे दोन्ही भाऊ कुवेतला. त्यालाही तीनदा व्हिसा आला. तिन्ही वेळा म्हणाला, तिकडे मॅट कुठे? घरच्यांनी मला दोष दिला. थोडा खराही असेल.


१२ जानेवारी

मानाच्या चढाईचं डोक्यातून जात नाही.

आमच्याकडच्या कंपन्यांच्या संघांत ही पद्धत कोणी सुरू केली माहीत नाही. थांबणारा खेळाडू बचावाचा असला तरी शेवटच्या स्पर्धेत त्याला एक चढाई द्यायची, मध्यंतराच्या आधीची. समोरचा कॅप्टन पाय पुढे करतो. हा वाकून त्याला हात लावतो, परत येतो. गुण लागतो. मध्यरेषेवर गळाभेट, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. पंच दुसरीकडे बघत नाहीत, उलट तेही हसतात.

दळवी अण्णा थांबले तेव्हा मीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. अण्णांबद्दल कमीपणा वाटला का? अजिबात नाही. मग स्वतःबद्दल का वाटतोय?

लॅबमध्ये आकडा येतो तोच लिहायचा, यायला हवा होता तो नाही. वीस वर्षं हेच करतोय. कोणी मुद्दाम पुढे केलेला पाय म्हणजे मिळवलेला गुण नाही. पण मोरे सरांना हे सांगायला गेलो तर म्हणाले, "अरे, ती चढाई तुझ्यासाठी असते असं कोणी सांगितलं तुला?"

पुढे बोलणं झालं नाही, ट्रक आला.


१५ जानेवारी

आज जे बघितलं ते लिहायचं की नाही असा विचार केला. म्हणजे लिहायलाच हवं.

डिसेंबरमधल्या चिपळूणच्या सामन्याचं चित्रण आयोजकांनी यूट्यूबवर टाकलंय. लांज्याला उपांत्य फेरीत बहुतेक तोच रत्नागिरीचा मासळी कंपनीचा संघ येईल, म्हणून त्यांचे चढाईपटू बघायला बसलो. वेग अर्धा केला. आणि त्यांच्याऐवजी आम्हीच दिसायला लागलो.

इ. माझा हात आधीच सोडतो.

मी दाबायच्या आधी. एकदा वाटलं, योगायोग. पुढची पकड बघितली, मग त्याच्या पुढची. दर वेळी तो निघालेला असतो, समोरच्याच्या वाटेत छाती घालून उभा असतो, आणि मग माझं पायात शिरणं येतं. त्याने अडवून धरलं नसतं तर माझ्या हातात हवा आली असती.

तीन सामन्यांत माझ्या बाजूने कोणी सुटलं नाही, असं सहा तारखेला लिहिलंय. 'माझ्या बाजूने' हे शब्द खरे आहेत. बाकीचं तपासायला हवं.


१६ जानेवारी

खेडहून कंपनीच्या बसमध्ये इ. शेजारी बसतो. भरणे नाका आल्यावर विचारलं. कधीपासून?

"काय कधीपासून?"

"हात आधी सोडतोस."

खिडकीबाहेर बघत म्हणाला, "झाली दोन वर्षं."

"मला का नाही बोललास?"

"काय बोलू? भाई, तुझा हात म्हातारा झाला? तू पण खेळत होतास, मी पण. पॉइंट येत होते."

पुढच्या सीटवरचा आमचा चढाईपटू जाधव वळून बघायला लागला. इ. त्याला म्हणाला, "तू झोप रे, तुझा स्टॉप लांब हाय." मग मला, हळू आवाजात: "तू दाबतोस ना, त्याच्या आधी तुझं मनगट कडक होतं. तुला कळत नाय. मला कळतं. मी त्याच्यावर निघतो."

लोटे येईपर्यंत मी माझ्या मनगटाकडे बघत होतो. आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा येत नव्हतं.


१७ जानेवारी

कालच्यावर विचार. दोन बाजू आहेत.

एक: गेली दोन वर्षं मी सांभाळून घेतला जात होतो आणि मला वाटत होतं मी संघ सांभाळतोय.

दोन: मनगट कडक होतं, म्हणजे पाय कुठे पडणार हे मला तेव्हाच कळलेलं असतं. डोळे चुकत नाहीत. निरोप उशिरा पोचतो, एवढंच. पायात शिरायलाही म्हणूनच उशीर होतो, कारण हात दाबून होईपर्यंत मी थांबतो. दाबणं सोडलं तर?

दुसरी बाजू मला आवडते म्हणून खरी मानतोय का? मीनलला विचारलं. ती वर्गाच्या वह्या तपासत होती. म्हणाली, "करून बघा ना. मुलांना गणित आलं की नाही हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवत नाही."


२० जानेवारी

करून बघितलं. हात नुसता धरायचा, दाबायचा नाही. मनगट कडक होईल तसं होऊ दे. इ.ला वाटतंय तेव्हा तो जातो, मला दिसतंय तेव्हा मी.

आठवडाभर आधी कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. प्रॅ.त आमच्याच पोरांना माझ्या कोपऱ्यात पाऊल टाकणं कठीण झालं. मोरे सर शिट्टी तोंडात धरून उभेच. शेवटी म्हणाले, "थांबतोयस तो नक्की कशासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. आत्ता बरं खेळतोय म्हणूनच. पण मोठ्याने म्हटलं नाही, कारण तेवढ्यात इ. म्हणाला, "सर, त्याला रात्रपाळीची लय हौस हाय."


२४ जानेवारी

लांजा. साखळीतले दोन्ही सामने जिंकलो. दुसऱ्यात माझ्या तीन पकडी. उद्या दुपारी उपांत्य फेरी, मासळी कंपनीशीच. त्यांचा कॅप्टन साळवी, लांज्याजवळच्याच गावातला. मैदानाकडे पाठ करून काजूच्या दुकानाबाहेर उभा होता. मला हाक मारून म्हणाला, "काय सुहासराव, उद्या पाय कुठला पुढे करू? उजवा की डावा?"

मी हसलो. "तुझे दोन्ही लागतील तुला."

"नाय ओ. तुमच्यासाठी धुवून आणतो."

चांगला माणूस. बारा-तेरा वर्षं एकमेकांचे गुडघे फोडलेत. तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं की मला ती चढाई नको. सांगितलं नाही. रस्त्यात, लोकांसमोर, तो एवढा खुशीत असताना... जमलं नाही.


२५ जानेवारी

हरलो. एका गुणाने.

उद्या लिहीन.


२६ जानेवारी

झेंडावंदनाला कंपनीत गेलो, परत आलो. आता क्रमाने.

पहिला डाव बरोबरीचा. मी आणि इ. जुळून आलो होतो. मध्यंतराच्या आधी मोरे सरांनी हात वर करून पंचांना खूण केली. माइकवाल्याने माझं नाव घेतलं, वीस वर्षं वगैरे. लोक उठून उभे राहिले. मी मध्यरेषा ओलांडली, कबड्डी कबड्डी म्हणत. इतक्या वर्षांत समोरच्या अंगणात मी असा फार क्वचित गेलोय. तिकडून आपला संघ लहान दिसतो.

साळवीने पाय पुढे केला. उजवा. हसत होता. बाकीचे सहाजण मागे सरून उभे.

मी ठरवून गेलो नव्हतो. हे पुन्हा लिहितो, कारण कालपासून हेच तपासतोय. ठरवून गेलो नव्हतो. मध्यरेषेपुढची निदान रेषा ओलांडली म्हणजे चढाई नियमात बसते, एवढं डोक्यात होतं. ती ओलांडली. साळवीच्या पायापासून हातभर अंतरावर होतो. वाकलो नाही. वळलो आणि परत आलो.

टाळ्या सुरू झालेल्या होत्या. त्या एकदम थांबल्या नाहीत, एकेक करून बंद झाल्या. साळवी पाय तसाच पुढे ठेवून उभा होता. मग त्याने तो मागे घेतला. मध्यरेषेवर गळाभेटीला तो आला नाही, मीही उभा राहिलो नाही.

मध्यंतर. सर नुसते म्हणाले, "पाणी प्या."

दुसरा डाव माझ्या आयुष्यातल्या चांगल्या डावांपैकी एक. चार पकडी. शेवटची तर एकट्याची, इ. तेव्हा बाहेर बसला होता. हे लिहायला संकोच वाटत नाही. पण गुणफलकावर त्यांचा एक जास्त होता आणि आमची शेवटची चढाई रिकामी आली.

एक गुण.


२७ जानेवारी

परतीचा प्रवास राहिला लिहायचा.

बस संगमेश्वरला पोचली. तिथे चहाला थांबलो. जाधव, जो शेवटची चढाई रिकामी घेऊन आला, कप हातात घेऊन माझ्यासमोर आला. "एक विचारू दादा? मी रिकामा आलो तर मला कोणी काय बोललं नाय, कारण मला पकडायला सातजण होते. तुम्हाला कोण होतं?"

मोरे सरांनी त्याला बाजूला घेतलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

मी सरांना म्हटलं, तो गुण आपला नव्हता.

"बरोबर," सर म्हणाले. "साळवीचा होता. त्याने दिला होता. तू परत फेकलास." मग: "तुला त्या दिवशी सांगत होतो, ती चढाई तुझ्यासाठी नसते. बारा वर्षं ज्याला तू पाडलंस, त्याला एकदा तुझ्यासमोर आपणहून पडायचं असतं. ते त्याचं असतं."

खेडला उतरलो. इ.ची रिक्षा उभी होती. बॅग आत टाकली आणि वळून म्हणाला, "भाई, एक सांगू? माझं दोन वर्षं घेतलंस. रोज घेतलंस. त्याचं एकदा घेता नाय आलं."

"तुझं घेतोय हे मला माहीत नव्हतं."

"तेच म्हणतोय ना. माहीत नसलं की तुला चालतं."

रिक्षा गेली.


२९ जानेवारी

थांबलो खरा, पण लॅबमध्ये अजून जनरल शिफ्टच. नवीन पाळ्या एक तारखेनंतर. लोक येऊन हात मिळवतात. चार पकडींचं कौतुक करतात, त्या चढाईबद्दल एकजण सोडून कोणी बोललं नाही. तो एकजण म्हणाला, "तुमच्यासारखी तत्त्वं पाहिजेत." त्याचं बोलणं ऐकून जास्त वाईट वाटलं. तत्त्व असतं तर आदल्या दिवशी काजूच्या दुकानासमोर साळवीला सांगितलं असतं. तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही. मग भर मैदानात, सगळे बघत असताना म्हणवलं.

लोकांना काय दाखवायचं होतं मला? की मला गरज नाही? गरज तर दोन वर्षं होती.

पण हेही नोंदवतो, उगाच स्वतःला झोडपण्यातही एक ऐट असते: तो गुण घेतला असता तर फार तर बरोबरी, जिंकलोच असतो असं नाही. साळवीचा संघ चिडून खेळला, तसा कदाचित खेळला नसता. किंवा आम्हीच ढिले पडलो असतो. हे कोणालाच कळणार नाही. साळवीचा पाय मात्र मागे गेला. त्यात कदाचित वगैरे काही नाही.


१ फेब्रुवारी

इ. घरी आला. हातात पिशवी, त्याच्या अम्मीने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं. म्हणजे राग गेला, किंवा अम्मीला रागाचं सांगितलेलं नाही. मीनलने पिशवी घेतली. तो तिला म्हणाला, "वहिनी, आधी विचारा घेतो का. त्याचं काय सांगता येत नाय."

मीनल इतकी हसली की ताट खाली ठेवावं लागलं.

जेवताना त्याने सांगितलं. साळवीचा त्याला फोन आला होता. रविवारी साळवीच्या गावात मातीवर सामने आहेत, गावच्या उत्सवाचे. मॅट नाही, कप नाही. साळवीचा निरोप, इ.ने नक्कल करून दाखवला: "त्या सुहासरावांना म्हणावं, तुम्ही अजून थांबलेले नाय. मानाची चढाई बाकी हाय तुमची. आमच्या गावात येऊन घ्या. पाय पुढे करीन नायतर उचलून आपटीन, काय ता तेव्हा बघू."

"चिडलेला होता?" मी विचारलं.

"चिडलेला होता. हसत पण होता. साळवी हाय तो."

"तू येशील?"

"मी कशाला? चढाईला हात धरून जातात काय?" मग भाकरी मोडत म्हणाला, "येईन. बाहेर बसेन."


२ फेब्रुवारी

आज सकाळी पहिली पाळी. सहाला लॅब. काम तेच, फक्त बाहेर अंधार. जमतंय. दुपारी घरी आलो तर अंगात इतकी ताकद शिल्लक की करायचं काय कळेना. अंगणात दोन-चार बैठका मारल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "थांबलात ना हो तुम्ही?"

रविवारी सुट्टी आहे, पाळी बघितली. जाता येईल. गुडघा उत्तम.

प्रश्न जाण्याचा नाही. तिथे गेल्यावर साळवीने पुन्हा पाय पुढे केला तर? वाकेन असं आज वाटतं. परवा असं वाटत नव्हतं. आणि तो पाय न देता खरोखरच धरायला आला, तर मी बेचाळीस वर्षांचा कोपरेवाला त्याच्या हातून सुटणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. पाय काय, आपटणं काय, दोन्हींत तो देणार आणि मी घेणार. इतक्या सरळ गोष्टीला मला महिना लागला.

मीनलला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यावर म्हणाली, "लागला म्हणू नका, अजून घेतलेलं नाही काही."

बरोबर आहे. वाक्य तसंच ठेवतोय, तिची दुरुस्ती शेजारी.

इ. म्हणाला, निरोप मी देतो, तू येतोस म्हणून. त्याला नको म्हटलं.

उद्या: पाळीवरून आल्यावर साळवीला स्वतः फोन करणे.